पालावरचे पंच

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका खेड्याच्या धर्मग्रामात मी सेवेला होतो. पावसाळा सरला की आमच्या चर्चमागील माळावर भटक्यांची पालं पडत. बायका सुया-पोती विकावयास गावात जात, पुरुष जडीबुटी घेऊन बाजार गाठीत. एका वर्षी त्या पालांवर सोयरीक मोडल्यावरून दोन कुटुंबांत मोठा तंटा उपस्थित झाला. धर्मगुरू या नात्याने आपण मध्यस्थी करावी, अशा भाबड्या समजुतीने मी तेथे गेलो. त्यांच्यातील एका वृद्धाने माझ्यासाठी घोंगडी अंथरली, चहा मागविला आणि मोठ्या अदबीने सांगितले, "फादर, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण ह्याचा निवाडा हितं व्हायचा न्हाई. मढीच्या जत्रंला पंच बसतील, तवा व्हईल."

मढीच्या यात्रेला तेव्हा पाच महिने अवकाश होता. दोन्ही कुटुंबांनी ते पाच महिने एकमेकांच्या शेजारी पालं ठोकून काढले, हे मी पुढे पाहिले. त्या वृद्धाच्या बोलण्याने माझ्या मनात जो प्रश्न पेरला तो आजतागायत गेलेला नाही. सामान्य माणसांनी पंच म्हणून बसावे आणि आपल्यासारख्याच माणसाचा न्याय करावा, ही कल्पना जगात फार जुनी आहे. परंतु ज्याला गाव नाही, शीव नाही, उंबरठा नाही, त्याचे या पंचांत स्थान कोणते?

ज्यूरी या संस्थेचा जन्मच मुळी शेजारधर्मातून झाला. मध्ययुगीन युरोपात आरोपीचा दोष ठरविण्यासाठी तापलेले लोखंड हाती धरावयास लावीत, किंवा त्याला पाण्यात सोडीत. या दिव्यांना धर्मगुरूंचा आशीर्वाद लागे. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना या कृत्यात भाग घेण्यास मनाई केली. आशीर्वाद थांबला, तेव्हा दिव्येही लयाला गेली आणि इंग्लंडातील न्यायाधीशांपुढे पेच पडला की, आता खरेखोटे ठरवावे कोणी? त्यांनी ते काम गावातील बारा शेजाऱ्यांवर सोपविले. तेथील राजाचे न्यायाधीश परगण्या-परगण्यांतून फिरत असत. पंच मात्र जागचे असत. आरोपीला ते लहानपणापासून ओळखतात, म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत. न्यायाधीश भटका चाले, पंच भटका चालत नसे.

आपल्या महाराष्ट्रातही याहून वेगळे नव्हते. "पंचामुखी परमेश्वर" असे आपण म्हणतो, तो परमेश्वर गावकीत वसत असे. मराठेशाहीत गोतसभा बसे, तीत पाटील, कुळकर्णी, बलुतेदार असत. निवाड्याच्या महजरावर पाटील नांगराची, तर इतर वतनदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. ज्याला वतन त्याला निशाणी, आणि ज्याला निशाणी त्याला न्यायसभेत जागा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ही पंचायत टिकवावी असा प्रयत्न केला. मात्र तिची दुखणीही त्याने १८१९ च्या आपल्या अहवालात नमूद केली. पंच वेळेवर जमत नसत, काम लांबत असे आणि निवाडा झाला तरी तो अमलात आणण्याचे बळ पंचांजवळ नसे. आपले घरदार, शेत सोडून दुसऱ्याच्या भांडणात दिवस घालविणे त्या काळीही लोकांना जड जात होते.

पुढे इंग्रजांनी स्वतःची ज्यूरी येथे आणली. तिच्यात आरंभी आपल्या ख्रिस्ती वाचकांनी अंतर्मुख व्हावे असा एक भेद होता. १८२६ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील राजधानीच्या न्यायालयांत हिंदी लोकांना ज्यूरीत बसण्याची मुभा मिळाली. परंतु आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्यूरी सर्वस्वी ख्रिस्तीच हवी, असा दंडक होता. म्हणजे ख्रिस्ती मनुष्याने हिंदूचा व मुसलमानाचा न्याय करावा, त्यांनी मात्र ख्रिस्ती माणसाचा करू नये! राजा राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि १८३२ मध्ये तो भेद दूर झाला. अन्यायाचा लाभ आपल्याला होत असतो तेव्हा तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पुढील हकिकत वाचताना हे स्मरणात ठेवलेले बरे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीचे कर्तव्य नेमकेपणाने सांगितले होते. २१ ते ६० वर्षे वयाचा प्रत्येक पुरुष, तो ज्या जिल्ह्यात राहतो त्या जिल्ह्यातील खटल्यासाठी ज्यूरर किंवा असेसर म्हणून बोलाविला जाण्यास पात्र असे. काही थोड्या जिल्ह्यांत ज्यूरी बसे; इतरत्र असेसर बसत आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. सत्र न्यायाधीश व कलेक्टर मिळून यादी तयार करीत; तीत नाव, राहण्याचे ठिकाण आणि व्यवसाय लिहिलेला असे. समन्स मिळूनही सबळ कारणावाचून जो गैरहजर राही, त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होई. आम्हां धर्मगुरूंना या कर्तव्यातून सूट होती. भटक्यांना सूट देण्याची गरजच पडली नाही. राहण्याच्या ठिकाणाचा रकानाच ज्याला भरता येत नाही, त्याला समन्स पाठवावे तरी कोणत्या पत्त्यावर?

मात्र सरकारदरबारी भटक्यांची यादी नव्हती असे नाही. ती दुसरी यादी होती. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. त्यान्वये संपूर्ण जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून घोषित करता येई. माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरे. सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंट उभारून, तारेच्या कुंपणात त्यांना वसविण्यात आले. सर्वांत कठोर कलम असे की, जमातीला गुन्हेगार ठरविणाऱ्या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयात आक्षेप घेता येत नसे. एका इसमावर चोरीचा आळ आला तर त्याच्यासाठी न्यायाधीश होता, असेसर होते. अवघ्या जमातीवर आळ आला तेव्हा मात्र ऐकावयास कोणीच नव्हते.

पंच कोण आहेत यावर माणसाचे नशीब कसे अवलंबून असते, याचा अनुभव महाराष्ट्राला चांगलाच आहे. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरर होते. त्यांतील सात युरोपियन व दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आमच्या नाशिकने तर ज्यूरीवाचून चाललेला खटलाही पाहिला. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, आणि आरोपींचा न्याय १९०८ च्या खास कायद्याखाली तीन न्यायाधीशांनी ज्यूरीशिवाय केला. या गोष्टी आपण शाळेत शिकलो आणि आपले मन हळहळले. भटक्यांच्या वाट्याला तेच पिढ्यानपिढ्या आले. त्याचा धडा कोणत्या पुस्तकात नव्हता.

मग त्यांनी काय केले? त्यांनी आपले पंच आपल्याबरोबर नेले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे न्यायासनही पाठीवर. वर्षभर चारी दिशांना पांगलेली माणसे ठरलेल्या यात्रेला एकत्र येत. मढीला कानिफनाथाच्या, जेजुरीला खंडोबाच्या. तेथे गाढवांचा बाजार भरे, सोयरिकी जमत आणि पंच बसत. घर नसले तरी यात्रेची तिथी ठाऊक असे, आणि ती तिथी हाच त्यांचा पत्ता होता. पोलिसांना, सावकाराला, गावच्या पाटलाला भिऊन राहणाऱ्या या माणसांना वकील परवडत नव्हता, कोर्टाची भाषा कळत नव्हती. त्यांचा तंटा त्यांच्याच बोलीत ऐकणारे ते एकमेव ठिकाण होते. पवित्र शास्त्रातील निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला असाच सल्ला देतो. इस्राएल लोक तेव्हा रानोमाळ भटकत होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तंटे ऐकून मोशे थकून जात होता. लाच न घेणारी, देवाला भिणारी माणसे निवड आणि त्यांना दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर नेम, असे इथ्रो सांगतो. शास्त्रातील ही न्यायव्यवस्थाही तंबूंतच उभी राहिली.

परंतु इथ्रोची अट विसरली की तंबूतले न्यायासनही जुलमी होते. जातपंचायतीचे पंचपद अनेक ठिकाणी वंशपरंपरेने चालले. दंडाचा पैसा पंचांच्या खाण्यापिण्यात जाऊ लागला. उकळत्या तेलातून नाणे काढण्यासारखी दिव्ये, जी एके काळी मराठेशाहीच्या न्यायसभेतही होती, ती काही जमातींत टिकून राहिली. स्त्रियांना पंचांत स्थान नव्हते, आणि तरीही सर्वांत कडक निवाडे त्यांच्याविषयीच होत. (१८९८ च्या संहितेनेही पुरुषांनाच बोलाविले होते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.) सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे वाळीत टाकणे. ज्याला गाव नाही त्याला जातीवाचून दुसरे जग नसते. ते जगच काढून घेतले म्हणजे काय होते, हे कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'उपरा' या आत्मकथनाने मराठी वाचकांना दाखविले.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही याद्या मिटल्या. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणवू लागल्या. ज्यूरीची पद्धतही ओसरत गेली. १९५९ मध्ये मुंबईच्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले, न्यायाधीशांनी तो निर्णय न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे शिक्षा झाली. विधी आयोगाने १९५८ मध्येच ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. एका समाजाचे पंच मात्र कायद्याने राखले: १९३६ च्या पारशी विवाह कायद्यानुसार पारशी दांपत्यांच्या दाव्यांत त्या समाजाचे प्रतिनिधी आजही न्यायाधीशासोबत बसतात. स्थिर, सुशिक्षित समाजाला आपले पंच कायद्याच्या चौकटीत आणता आले. भटक्यांचे पंच चौकटीबाहेरच राहिले आणि तेथे त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते.

त्याची किंमत आमच्या नाशिक शहराने पाहिली. २०१३ च्या जूनमध्ये भटक्या समाजातील एका गरोदर तरुणीचा, तिने जातीबाहेर विवाह केला म्हणून, तिच्या पित्यानेच प्राण घेतला. तो खटला सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जातपंचायतीच्या धाकाविषयी दबक्या आवाजात चालणारे बोलणे या घटनेनंतर उघड्यावर आले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जातपंचायतीला मूठमाती देण्यासाठी नाशिकला परिषद घेतली. त्याच महिन्याच्या २० तारखेला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही जमातींनी आपल्या पंचायती स्वतःहून विसर्जित केल्या. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला होता. आता महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

हे योग्यच झाले. परंतु त्या वृद्धाची घोंगडी मला आठवते. त्याचे न्यायासन आपण काढून घेतले. त्याला आपल्या न्यायासनाजवळ बसविले का?

वाचकहो, ज्यूरी गेली तरी पंचाचे एक काम अजून आपल्या दारात येते. पोलीस झडती घेतात तेव्हा त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवावे, असे १९७३ ची संहिता सांगत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नवी संहिताही सांगते. त्यालाच आपण पंचनामा म्हणतो. येथेही शब्द तोच आहे: रहिवासी. पालावर झडती होते तेव्हा पालातला माणूस पंच होत नाही. पंच होतो तो गावातला, कदाचित आपल्याच धर्मग्रामातला एखादा शिक्षक किंवा दुकानदार. आणि आपण काय करतो? कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून मागच्या दाराने निसटतो. अथवा, त्याहून वाईट, पालापर्यंत न जाता चौकीतच कागदावर सही करून मोकळे होतो. त्या सहीने एखाद्या घरचा कर्ता पुरुष तुरुंगात जाऊ शकतो, आणि त्याची बायकामुले पालं गुंडाळून पुढच्या गावाची वाट धरतात.

शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचा न्याय करावा, हे तत्त्व आठशे वर्षांचे आहे. भटक्याला कायमचा शेजारी नसतो. ज्या गावाच्या माळावर त्याचे पाल पडले असेल, ते गावच तेवढ्या दिवसांपुरते त्याचे शेजारी. तेव्हा कोणी पंच म्हणून बोलाविले तर अवश्य जावे. पालापर्यंत चालत जावे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, कागद पूर्ण वाचावा आणि जे पाहिले तेवढ्यावरच सही करावी. जे पाहिले नाही त्यावर सही करण्यास नम्रपणे नकार द्यावा. त्या माळावरच्या माणसांसाठी आजच्या कायद्यात ज्यूरीचे जे काही उरले आहे, ते एवढेच आहे आणि ते आपल्या हातात आहे.