खोक्याच्या तळावरचे खेळाडू

पापडाचं पाकीट कसं असावं, यावर आमच्या गटात वाद चालला होता. तेव्हा अमेरिकेतली एक गोष्ट निघाली.

आपल्याकडे क्रिकेटचं वेड, तसं तिकडे बेसबॉलचं. खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटात यायची, पुढे च्युइंगमबरोबर. १९७५ ते १९७९ या वर्षांत होस्टेस या केकवाल्यांनी ती थेट खोक्याच्या तळावर छापली. एका खोक्यावर तीन खेळाडू, वर्षाला १५० कार्डं. सिगारेट बापाच्या खिशातली, केक मात्र आईच्या पिशवीतला! पोरं खोकं उलटं करून बघणार, हट्ट धरणार आणि पैसे आई देणार. विकणाऱ्याने बरोबर ओळखलं होतं.

घरी आलं की कात्री चालायची, कधी सरळ, कधी वाकडी. ट्विंकी नावाच्या सुट्या केकखाली एकच कार्ड असे, त्यावर तेलकट डाग पडत.

गंमत पुढेच आहे. जो केक कमी खपला, त्याच्या खोक्यावरचे खेळाडू कमी घरांत पोचले. आज जमवणारे तेच शोधत फिरतात. न कापलेली तिघांची अख्खी पट्टी तर सुट्या कार्डांपेक्षा महाग. म्हणजे ज्या पोरांनी हौसेनं कापलं, खेळलं, त्यांच्याच कार्डांना भाव कमी. हा हिशेब आम्हाला काही पटत नाही. आम्हाला बघायला मिळाली, तर ती वाकडी कापलेलीच आवडतील, डागासकट.