‘डॉट टीव्ही’ कुणाचं?

डॉट टीव्ही हे टेलिव्हिजनसाठी काढलेलं डोमेन नव्हे. प्रशांत महासागरात, हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मध्यावर, तुवालू नावाचा 9 बेटांचा देश आहे. सगळी मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर, वस्ती 11,000च्या आसपास. इंटरनेटवर देशांना नावं वाटायची वेळ आली, तेव्हा देश कोण आणि कोण नाही हा वाद ती व्यवस्था पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी अंगावर घेतला नाही. देशांच्या दोन-अक्षरी संकेतांची आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची यादी तयार होती, तीच त्यांनी प्रमाण मानली. त्या यादीत भारत ‘आयएन’ आणि तुवालू ‘टीव्ही’.

1978 साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेल्या या देशाकडे विकण्यासारखं फार काही नव्हतं. खोबरं, परदेशी बोटींना द्यायचे मासेमारीचे परवाने आणि टपाल तिकिटं. राजधानी फुनाफुटीच्या फिलाटेलिक ब्युरोतून जगभरच्या संग्राहकांना रंगीबेरंगी तिकिटं जायची. ही तिकिटं घेणाऱ्या बहुतेकांनी कधी तुवालूला पत्र पाठवलं नसेल, की तिथलं पत्र त्यांना आलं नसेल. देशाचं नाव असलेली वस्तू परक्यांना विकायची, हा धंदा तुवालूला डोमेनच्या आधीपासून अवगत होता. मला तर डॉट टीव्हीचा व्यवहार त्या तिकिटांचाच पुढचा अंक वाटतो.

2000 साली डॉट टीव्हीची नावं विकण्यासाठी एका अमेरिकन कंपनीशी करार झाला : साधारण 12 वर्षांत 5 कोटी डॉलर. त्या पैशातून फुनाफुटीचे रस्ते डांबरी झाले, दिवे लागले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च झेपेल की नाही या विवंचनेत असलेला देश त्याच वर्षी सप्टेंबरात 189वा सदस्य झाला. डोमेन घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मी ही गोष्ट सांगते. आपण जे नाव वर्षाच्या बोलीवर घेतो, त्याच्या पैशातून एका देशाला जगाच्या सभेत खुर्ची मिळाली आहे.

पुढचा हिशोब मात्र मला खटकतो. डॉट टीव्हीचा कारभार व्हेरिसाइन या कंपनीकडे गेला. 2011 साली थेट प्रक्षेपणाचं संकेतस्थळ ट्विच याच शेपटासह सुरू झालं आणि तीनच वर्षांत ॲमेझॉनने ते सुमारे 97 कोटी डॉलरना घेतलं. तुवालूच्या मंत्र्यांनी आपल्याला मिळणारी रक्कम फारच तुटपुंजी असल्याचं उघड बोलून दाखवलं होतं, आणि ते योग्यच होतं. 2022 पासून हे काम गोडॅडी ही कंपनी पाहते. नव्या करारात देशाला आधीपेक्षा जास्त मिळतं.

गावोगावच्या भजनी मंडळांचं चित्रीकरण करणारं कोल्हापूरचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ‘ताई, डॉट टीव्ही म्हटलं की आमचं काम काय ते सांगावं लागत नाही,’ असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. पण ही जागा एका देशाची आहे आणि देशावर संकट आहे, हेही त्यांना सांगायला हवं होतं. समुद्र चढतो आहे. जमीन गेली तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व राहील, असं तिथल्या राज्यघटनेत 2023 साली लिहिलं गेलं. देश संपल्यावर त्याचं डोमेन राहतं का, याचे इतिहास दोन्हीकडचे दाखले देतो : युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू 2010 साली बंद झालं, सोव्हिएत संघाचं डॉट एसयू अजून चालू आहे.

म्हणून त्यांना मी डॉट टीव्हीबरोबर त्याच नावाचं डॉट इनही घ्यायला लावलं. डॉट इन सर्वांसाठी खुलं झालं 2005 च्या फेब्रुवारीत. त्याआधी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेकडे त्याची नोंदणी असे आणि नियम इतके कडक, की अशा घरगुती उपक्रमाचा तिथे निभाव लागला नसता. आज ते डॉट टीव्हीपेक्षा स्वस्तही पडतं. फलकावर आणि व्हिडिओवर डॉट टीव्ही छापलं आहे. डॉट इन टाइप केलं तरी माणूस तिथेच पोचतो. दोन्हींच्या नूतनीकरणाची तारीख एकच ठेवली आहे.