कॅमेरा जड नव्हताच! मोठे कॅमेरे हाताळणाऱ्या बायकांची दीडशे वर्षांची गोष्ट

२०१७ साली निकॉन कंपनीनं डी-८५० हा नवा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या प्रचारासाठी आशिया, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतले ३२ फोटोग्राफर निवडले. या सगळ्यांचे फोटो एकत्र झळकले आणि सोशल मीडियावर गदारोळ झाला. कारण ३२ च्या ३२ पुरुष होते. कंपनीनं खुलासा केला की काही महिलांना बोलावलं होतं, पण त्यांना येणं जमलं नाही. या खुलाशानं कुणाचं समाधान झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बायकांना मोबाइलवर फोटो काढायला आवडतात, पण ते लेन्स, ट्रायपॉड, शटर स्पीड वगैरे भानगडीत त्या कशाला पडतील? हा समज बराच जुना आहे, आणि तो कुठून आला हे शोधता येतं. त्यासाठी आधी एका आजीबाईंना भेटू.

कोंबड्यांच्या खुराड्यात स्टुडिओ

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनावावर जाऊ नका, तो योगायोग आहे. जन्म १८१५ चा, कलकत्त्यातला. पुढे त्या इंग्लंडला, आइल ऑफ वाइट या बेटावर राहायला गेल्या. १८६३ च्या डिसेंबरात लेक आणि जावयानं त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या आणि सहा मुलांची आई होत्या. मुलीला वाटलं होतं, एकटेपणात आईचा वेळ जाईल.

बाईंनी घरातली कोळशाची खोली रिकामी करून तिथं डार्करूम केली. कोंबड्यांचं काचेचं खुराडं होतं, त्याचा स्टुडिओ केला.

त्या काळात फोटो काढणं म्हणजे काय दिव्य होतं, ते समजून घ्या. फिल्म नव्हती. काचेच्या मोठ्या तावदानावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डार्करूममध्ये पळत जाऊन डेव्हलप करायची. यात उशीर झाला की काच फुकट. सिल्व्हर नायट्रेटमुळे हात आणि कपडे काळे पडत, आणि ते डाग सहजासहजी जात नसत. समोर बसलेल्या माणसाला काही मिनिटं हलायची परवानगी नाही. कॅमेरॉनबाईंच्या काचा सुरुवातीला साधारण ११ बाय ९ इंचांच्या होत्या, पुढे त्यांनी १५ बाय १२ इंचांचा कॅमेरा घेतला. म्हणजे जवळपास घरातल्या मोठ्या ताटाएवढी काच, तीही ओली.

त्यांचे फोटो थोडे धूसर असत. तेव्हाच्या फोटोग्राफीच्या जाणकारांनी ‘या बाईंना फोकस करता येत नाही’ म्हणून टीका केली. बाईंनी मात्र फोकस मुद्दामच तिथं थांबवलेला असायचा. आज पोर्ट्रेटमध्ये चेहरा ठळक आणि बाकी सगळं विरघळलेलं दिसावं म्हणून लोक महागड्या लेन्स घेतात. कवी टेनिसन, चार्ल्स डार्विन यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही पुस्तकांत छापले जातात.

तेव्हा तंत्र अवघड आणि सामान जड असूनही ४८ वर्षांची बाई त्यात उतरली. मग ‘बायकांसाठी सोपा कॅमेरा’ ही कल्पना आली कुठून?

कोडॅकची पोरगी

१८८८ साली जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, तिकडून फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. तुम्ही फक्त बटण दाबायचं, बाकी आम्ही बघतो, असा एकूण सौदा होता.

हा माल विकायला कंपनीनं पुढे ‘कोडॅक गर्ल’ आणली. जाहिरातीत एक तरुणी, हातात कॅमेरा, कधी समुद्रकिनारी तर कधी प्रवासात. एका अर्थानं हे धाडसाचंच होतं. एकटी फिरणारी, स्वतःच्या डोळ्यांनी जग बघणारी मुलगी तेव्हाच्या जाहिरातीत सहसा दिसत नसे. पण त्याच जाहिरातीचा दुसरा अर्थ लोकांनी नकळत उचलला. कॅमेरा इतका सोपा आहे की बाईलाही जमेल!

पुढे तर कहरच झाला. १९२८ साली कोडॅकनं ‘व्हॅनिटी’ नावाचे रंगीत कॅमेरे आणले, पाखरांची नावं दिलेल्या पाच रंगांत. दोन वर्षांनी ‘कोकेट’ आला, त्याच्यासोबत त्याच रंगसंगतीची लिपस्टिक आणि पावडरची डबी. कॅमेऱ्याची लेन्स कशी आहे हा प्रश्न मागे पडला, तो पर्सला शोभतो का हा पुढे आला. ‘लेडीज मॉडेल’ म्हणून गुलाबी रंग फासून वस्तू विकायची पद्धत आपल्याला आजची वाटते, पण तिला शंभर वर्षं होत आली.

त्याच अमेरिकेत फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन नावाची फोटोग्राफर होती. तिनं १८९७ मध्येच ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात, बाई कॅमेऱ्यानं काय काय करू शकते, यावर सविस्तर लेख लिहिला होता. त्यात तंत्र होतं, धंद्याचं गणित होतं आणि चांगल्या कामाचे चांगले पैसे घ्या असा सल्लाही होता. लिपस्टिकचा विषय नव्हता.

खाली मान घालून काढायचा फोटो

विसाव्या शतकात दोन कॅमेऱ्यांनी फोटोग्राफी रस्त्यावर आणली. १९२५ चा लायका आणि १९२९ चा रोलायफ्लेक्स. यातला रोलायफ्लेक्स नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या दोन बायकांच्या गळ्यात तोच होता.

हा डब्यासारखा दिसणारा कॅमेरा. पुढे एकावर एक दोन लेन्स. वरची बघायला, खालची फोटो काढायला. तो डोळ्याला लावायचा नाही, पोटाजवळ धरायचा आणि वरून खाली बघायचं. काचेवर समोरचं दृश्य दिसतं, पण डावं-उजवं उलटं. माणूस उजवीकडे चालला की काचेवर तो डावीकडे जातो. त्यात रोलमागे फक्त १२ फोटो. प्रकाश किती, छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ, सगळं स्वतः ठरवायचं. सरावाशिवाय हा कॅमेरा काही देत नाही.

पण त्याचा एक फायदा होता. मान खाली घालून उभ्या असलेल्या बाईकडे कुणाचं लक्ष जात नसे. शटरचा आवाजही अगदी बारीक.

डालडा १३

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ‘भारताच्या पहिल्या महिला फोटो जर्नलिस्ट’ म्हणून ऐकलं असेल. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. मुंबईतल्या एका महिला मंडळाच्या सहलीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले, तेव्हा त्यांना एका फोटोचा एक रुपया मिळाला होता.

नंतर ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचे फोटो येऊ लागले, पण नाव छापलं जायचं माणेकशांचं. नवीन फोटोग्राफर, त्यातून बाई, तिच्या नावावर कोण विश्वास ठेवणार? फोटो काढणारा हात दिसत नाही, दिसतं ते खालचं नाव. त्यामुळे त्या काळच्या अंकांवरून ‘बायका फोटो काढत नव्हत्या’ असा निष्कर्ष काढणाऱ्यानं जरा जपून असावं.

पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतलं. तुपाशी त्याचा संबंध नाही. त्यांच्या पहिल्या गाडीचा नंबर होता डीएलडी १३. जन्म १९१३ चा, माणेकशांशी भेट झाली ती तेराव्या वर्षी, म्हणून तेराचा आकडा त्यांना लाडका.

१९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या शहरभर फिरायच्या. बाहेरच्या फोटोंसाठी रोलायफ्लेक्स, घरातल्या समारंभांसाठी स्पीड ग्राफिक. हा स्पीड ग्राफिक म्हणजे जुन्या हॉलिवूड सिनेमात वार्ताहरांच्या हातात दिसतो तो भात्याचा मोठा धूड कॅमेरा. ४ बाय ५ इंचांची सुट्टी फिल्म एकेक करून भरायची, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की तो काढून दुसरा लावायचा. पंतप्रधान समोरून जाताना हे सगळं करायचं, आणि बाजूला पुरुष फोटोग्राफरांची ढकलाढकली. १६ ऑगस्ट १९४७ चा लाल किल्ल्यावरचा तिरंगा, कबुतर उडवणारे नेहरू, हे फोटो त्यांचे. लोक आपल्याला फारसं गांभीर्यानं घेत नव्हते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सहज जाता आलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

ज्यांनी व्यवसाय केलाच नाही

होमाईंचं निदान नाव झालं, कारण त्या नोकरी करत होत्या. ज्या फक्त हौशी होत्या त्यांचं काय? मराठीत ‘हौसेला मोल नाही’ म्हणतात. पण हौस बाईची असली की तिचं मोल खरंच कुणी करत नाही, असं दिसतं.

मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी १९१९ च्या, बनारसजवळच्या रामनगरच्या. वडील शिक्षक आणि स्वतः हौशी फोटोग्राफर. मुली १२ वर्षांच्या झाल्यावर त्यांनी दोघींना कॅमेरे दिले आणि डार्करूमचं कामही शिकवलं. मनोबीना म्हणजे ‘दो बिघा जमीन’वाल्या बिमल रॉय यांच्या पत्नी. त्या मुंबईत आल्या, संसार, मुलं सांभाळत दशकानुदशकं फोटो काढत राहिल्या. लंडनच्या रस्त्यांवर त्यांनी १९५९ साली काढलेले फोटो कुठल्याही व्यावसायिकाच्या तोडीचे आहेत. तरी ओळख उरली ती ‘बिमलदांच्या पत्नी’ हीच. त्यांच्या कामाकडे अभ्यासकांचं नीट लक्ष गेलं ते फार उशिरा.

याहून टोकाचा किस्सा शिकागोचा. व्हिव्हियन मायर ही दाई, लोकांची मुलं सांभाळायची. १९५२ च्या सुमारास तिनं रोलायफ्लेक्स घेतला आणि सुट्टीच्या वेळात, मुलांना फिरायला नेताना, रस्त्यावरची माणसं टिपत गेली. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह! कित्येक रोल तर धुतलेच नाहीत, पैसे नव्हते. सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या पेट्यांचा लिलाव झाला. एक पेटी जॉन मालूफ नावाच्या तरुणानं साधारण ३८० डॉलरला घेतली. आत काय आहे हे त्याला कळायला वेळ लागला. २००९ मध्ये मायर वारली, तेव्हा जग तिला ओळखत नव्हतं. आज विसाव्या शतकातल्या मोठ्या स्ट्रीट फोटोग्राफरांत तिचं नाव घेतात.

मग अडतं कुठं?

वजनाचा मुद्दा आजही काढला जातो, तर हिशेबच करू. निकॉन डी-८५० चं वजन बॅटरीसह साधारण एक किलो. पक्षी, खेळ किंवा लग्नासाठी वापरतात ती ७०-२०० ची लेन्स आणखी दीड किलोच्या आसपास. पाण्यानं भरलेली कळशी याच्या चौपट-पाचपट भरते, आणि ती उचलताना बाईला हे जमेल का असं कुणी विचारत नाही. शिवाय आता मिररलेस कॅमेरे आले, त्यातले बरेच पाऊण किलोच्या आत-बाहेर असतात.

अडचण दुसरीकडे आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात प्रश्न बाई विचारते आणि दुकानदार उत्तर सोबतच्या पुरुषाला देतो, हे अनेकींनी अनुभवलं आहे. घरात एक चांगला कॅमेरा आला तर तो ‘ह्यांचा’ असतो. पहाटेचा उजेड गाठायचा तर स्वयंपाकघरातून सुटका हवी. रात्रीचं आकाश टिपायचं तर सोबतीला कुणी हवं. लेन्स महाग आहेतच, पण पुरुषाच्या खर्चाला गुंतवणूक म्हणतात आणि बाईच्या खर्चाला हौस.

मोठा कॅमेरा घ्यायचाच असेल तर रंगरूप आणि मेगापिक्सेल सोडून आधी तो हातात धरून बघा. पकड आपल्या बोटांना बसते का, बटणांपर्यंत अंगठा पोचतो का, हे दुकानातच कळतं. मानेवरच्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा घेतला की वजन कमी जाणवतं. पैसे वाचवायचे असतील तर जुना कॅमेरा आणि बरी लेन्स हा व्यवहार शहाणपणाचा, कारण कॅमेरे दर काही वर्षांनी जुने होतात, लेन्स खूप टिकतात.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, याचं उत्तर भंडारदऱ्यात मिळेल. पावसाळ्याच्या तोंडावर तिथली झाडं काजव्यांनी लखलखतात. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिनं तिथं टिपलेल्या फोटोला २०२० साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत गौरव मिळाला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. वर चांदण्यांनी भरलेलं आकाश, खाली काजव्यांनी भरलेलं झाड. असा फोटो घ्यायचा तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा लागतो, फोकस अंधारात हातानं लावावा लागतो आणि शटर कितीतरी सेकंद उघडं ठेवावं लागतं. फ्लॅश मारलात तर झाडाची पानं तेवढी दिसतील, काजवे गायब.