टिळकांच्या घरची मिरास

आईबाप मुलांस शेतवाडी लिहून देऊ शकतात. श्रद्धा कशी द्यावी? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा पुत्र देवदत्त यांचीच त्यांच्याशी ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यास ६४ अध्याय जोडले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चे संपादन देवदत्तांनी व पुढे नातू अशोकरावांनी केले. सक्तीने ही मिरास एक पिढीही टिकली नसती. आईबापांनी श्रद्धा आचरून दाखवावी आणि स्वीकार मुलांच्या विवेकावर सोपवावा, हाच बोध आम्हांस या घराण्याच्या इतिहासापासून होतो.