सोतेर्नचे धुके : कुजलेल्या द्राक्षांच्या वाइनचा इतिहास

द्राक्षाच्या मण्यांवर करडी बुरशी दिसू लागली की बागायतदार धास्तावतो. बोट्रायटिस सिनेरिया हे तिचे शास्त्रीय नाव. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, टोमॅटो यांसह शेकडो वनस्पतींवर ती रोग म्हणून येते. मात्र फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांत दर शरद ऋतूत याच बुरशीची वाट पाहिली जाते. जगातील अत्यंत मौल्यवान गोड पांढरी वाइन येथे कुजलेल्या द्राक्षांपासून तयार होते.

हा शोध कसा लागला, याविषयी दोन कथा सांगितल्या जातात. पहिली १८३६ सालची. पाऊस थांबेपर्यंत तोडणी लांबवणाऱ्या एका जर्मन व्यापाऱ्याला घड कुजलेले आढळले. त्याने तरीही रस काढला आणि वाइन अप्रतिम झाली. दुसरी १८४७ सालची. इकेम या ख्यातनाम बागेचे मालक रशियाहून उशिरा परतले, तोवर तोडणी खोळंबली आणि तोच चमत्कार घडला. परंतु इकेमशी संबंधित १६६६ सालच्या एका दस्तऐवजात ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी तोडणी करण्याची या भागात रीत नाही, असा उल्लेख सापडतो. उशिरा तोडणी हा येथील जुना प्रघात होता, हे यातून स्पष्ट होते. हंगेरीतील टोकाई प्रदेशातही अशा आक्रसलेल्या मण्यांची वाइन या दोन्ही कथांच्या फार पूर्वीपासून होत होती. तेव्हा एखाद्या दिवशीच्या अपघातापेक्षा शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाला याचे श्रेय देणे अधिक न्याय्य ठरते. बुरशीचे शास्त्रीय नामकरण पर्सून या शास्त्रज्ञाने केले ते १७९४ मध्ये. त्याआधीच, १७८७ मध्ये, टॉमस जेफरसन बोर्दोला येऊन गेले होते आणि इकेमची १७८४ सालची वाइन त्यांनी मागवली होती.

एकच बुरशी कोठे रोग ठरते आणि कोठे वरदान, याचे उत्तर भूगोलात आहे. सिरों ही छोटी नदी दाट झाडीच्या सावलीतून वाहत येते आणि तुलनेने उबदार गारोन नदीला मिळते. शरद ऋतूतील रात्री या दोन प्रवाहांच्या तापमानातील फरकामुळे धुके दाटते. सकाळच्या ओलाव्यात बुरशी वाढते आणि पिकलेल्या मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते. दुपारी ऊन पडले की धुके विरते, बुरशीची वाढ मंदावते आणि त्या छिद्रांतून मण्यातील पाणी उडून जाते. मणी बेदाण्यासारखा आक्रसतो. साखर, आम्ल आणि सुगंधी द्रव्ये आत दाटतात. अशा रसात लिटरमागे ३०० ग्रॅमहून अधिक साखर असू शकते. मद्यार्काचे प्रमाण १३ ते १४ टक्क्यांवर पोहोचले की यीस्टचे काम थंडावते आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते. फ्रेंच लोक या अवस्थेला ‘उमदी कूज’ म्हणतात. दुपारचे ऊन पडलेच नाही, पाऊस लागून राहिला, तर तीच बुरशी ‘करडी कूज’ होऊन सारा घड नासवते.

बुरशी सर्व मण्यांवर एकाच वेळी पसरत नाही. म्हणून मजूर त्याच बागेतून अनेक आठवडे पुन्हा पुन्हा फिरतात आणि योग्य तेवढेच मणी निवडून तोडतात. इकेममध्ये हेक्टरी सरासरी ९०० लिटर वाइन निघते. म्हणजे एका वेलीमागे जेमतेम एक पेला. १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत गोड वाइनमधील सर्वोच्च श्रेणी एकट्या इकेमला मिळाली. हा दर्जा टिकवण्याची किंमतही मोठी आहे. १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांत हवामान प्रतिकूल राहिले, तेव्हा इकेमने आपल्या नावाने गोड वाइन बाजारात आणलीच नाही.

ज्या बोर्दो परिसरात एका बुरशीला असे जपले गेले, तेथेच दुसऱ्या बुरशीसारख्या जीवाविरुद्ध लढण्याचे औषधही सापडले. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेला केवडा रोग फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त करत होता. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांना मेदोक भागात एक विलक्षण गोष्ट दिसली. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ताम्रक्षार आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडले होते. नेमक्या त्याच वेलींची पाने रोगातून वाचली होती. रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्यासह प्रयोग करून मियार्दे यांनी १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीवरील कोळेरोगावर ते वापरून दाखवले. कर्नाटक, केरळ आणि कोकणातील सुपारीच्या बागांत तसेच नाशिक-सांगलीच्या द्राक्षमळ्यांत ते आजही परिचित आहे.

सोतेर्नपुढील आजचे संकट मात्र फवारणीने टळणारे नाही. एप्रिल २०२१ मधील कडाक्याच्या हिमदवाने अनेक बागांचे कोवळे कोंब जळाले आणि त्या वर्षीचे उत्पादन कोसळले. दुसरी चिंता सिरोंच्या काठावरील बीच वृक्षांची आहे. या वनातील कोळशाच्या प्राचीन अवशेषांवरून हे वृक्ष येथे ४०,००० वर्षांहून अधिक काळ, हिमयुगातही, टिकून राहिल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. या झाडीमुळे नदीचे पाणी गार राहते. म्हणूनच या खोऱ्यातून जाणाऱ्या नियोजित वेगवान रेल्वेमार्गाला द्राक्ष उत्पादकांनी विरोध केला आहे. झाडी विरळ झाली तर पाणी तापेल, पाणी तापले तर धुके उणावेल, अशी त्यांची भीती आहे. वेल, खुंट आणि बुरशी दुसऱ्या देशात नेता येतात. ऑक्टोबरमधील सकाळी उतरून दुपारी विरणारे ते धुके कोणत्याही प्रयोगशाळेला अद्याप खुल्या बागेवर निर्माण करता आलेले नाही.