फिनपोलारिसवर चढा, साल १९८३

तारीख ३ डिसेंबर १९८३. तुम्ही मुरगाव बंदराच्या धक्क्यावर उभे आहात. गोवा अजून दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश आहे. आठवड्याभरापूर्वीच राष्ट्रकुल परिषदेचे पाहुणे आग्वादला मुक्काम करून गेले. बंदरात मात्र रोजचीच धांदल चालू आहे: नदीतून खनिजाच्या बार्जेस येतायत, लोहखनिजाची तांबडी धूळ धक्क्यावर बसलीय आणि तुमच्या बुटांवरही. समोर फिनलंडचं ‘फिनपोलारिस’ हे जहाज उभं आहे. त्याच्या पोटात एक आख्खं घर सुटे भाग करून भरलंय. लाकडी भिंती, जनरेटर, डिझेलची पिंपं आणि बर्फावरच्या गाड्या तर आहेतच, शिवाय वर्षभर पुरेल एवढा शिधा आहे.

दोन वर्षांपूर्वी, ६ डिसेंबर १९८१ला, गोव्याहूनच डॉ. सय्यद झहूर कासिम एकवीस जणांची तुकडी घेऊन निघाले होते, तेही फारसा गाजावाजा न करता. या तिसऱ्या मोहिमेत एक्क्याऐंशी माणसं आहेत: शास्त्रज्ञ, लष्कराचे अभियंते, नौदल आणि हवाई दलातली माणसं. नेते आहेत डॉ. हर्ष गुप्ता, कोयनेच्या भूकंपांवर संशोधन केलेले. यंदा नुसतं जाऊन यायचं नाही, तर अंटार्क्टिकावर माणसं हिवाळाभर राहू शकतील असं भारताचं पहिलं केंद्र उभारायचंय.

या एक्क्याऐंशींत दोन स्त्रिया आहेत. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत याआधी एकही स्त्री गेलेली नाही. सुदीप्ता सेनगुप्ता कोलकात्याच्या, जादवपूर विद्यापीठातल्या भूवैज्ञानिक आणि मुरलेल्या गिर्यारोहक. अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या. जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, पुढचं शिक्षण हवाई आणि लंडनला. औंधचे अप्पासाहेब पंत हे त्यांचे वडील. कॉलेजात असताना अॅलिस्टर हार्डींचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक हाती पडलं आणि त्यांनी समुद्राचीच वाट धरली. तुम्ही या प्रवासात त्यांच्या प्रयोगशाळेच्या आसपासच राहा, कारण जहाजावरचं सगळ्यात चिकाटीचं काम तिथेच बघायला मिळेल.

विषुववृत्त ओलांडेपर्यंत समुद्र शांत असतो. लोक डेकवर उघड्यावर झोपतात. मग दक्षिणेचे चाळिसावे अक्षांश येतात. या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तो पश्चिमेकडून पृथ्वीला वेढा घालत सुटतो आणि लाटांना वाढायला मोकळं रान मिळतं. ताटं टेबलावरून घसरतात. झोपताना पट्टा बांधावा लागतो. तुमच्या पोटात काही टिकत नाही. पन्नासावा अक्षांश ओलांडल्यावर एका सकाळी पाण्यात पहिला हिमनग दिसतो आणि सगळे कॅमेरे घेऊन धावतात. त्यानंतर गोठलेल्या समुद्राचे तुकडे लागतात. लाटा त्यांच्याखाली दबतात, जहाज एकदम स्थिर होतं आणि तुम्हाला पुन्हा भूक लागते.

आता डेकवर या. त्या काळी समुद्राचं पाणी कसं गोळा करतात ते नीट बघून घ्या. दोन्ही तोंडं उघडी ठेवलेली नळकांड्यासारखी बाटली तारेला अडकवून खाली सोडतात. ठरलेल्या खोलीला पोचली की वरून तारेवरून एक छोटं वजन सोडायचं. ते सरसरत खाली जातं, बाटलीच्या खटक्यावर आदळतं आणि दोन्ही तोंडं बंद होतात. तारेवर बोट ठेवलं तर खालचा तो टोला बोटाला जाणवतो. मग बाटली वर ओढायची. आतलं पाणी शून्याच्याही खाली गेलेलं असतं, खारं म्हणून गोठलेलं नसतं एवढंच. ते काढून घेताना हातमोजे भिजतात आणि बोटं आधी दुखतात, मग काहीच जाणवेनासं होतं.

हे पाणी प्रयोगशाळेत बारीक गाळणीतून गाळतात. लिटरभर पाणी संपायला बराच वेळ लागतो. शेवटी नाण्याएवढ्या पांढऱ्या चकतीवर फिकट हिरवट-तपकिरी थर उरतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रातलं सगळं जगणं याच थरावर उभं आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वनस्पतींवर क्रिल जगतं. हा झिंग्यासारखा प्राणी, लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर. क्रिलवर देवमासा, पेंग्विन आणि सील जगतात. चकती अॅसिटोनमध्ये बुडवून अंधारात ठेवली की हरितद्रव्य सुटतं, त्याचं प्रमाण मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा. पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच, रात्र असो वा वादळ. खरं तर आता रात्र उरलेलीच नाही. सूर्य क्षितिजाला टेकायला येतो आणि पुन्हा वर सरकतो. क्षेत्रकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शोधाचा एखादा क्षण येतो. मला वाटतं, त्याचा खरा कस या वहीच्या रकान्यांत लागतो.

डिसेंबरच्या अखेरीला समोर बर्फाची सरळ भिंत येते. जमिनीवरून घसरत येऊन समुद्रावर तरंगणारा हा बर्फाचा जाड थर. त्याला आइस शेल्फ म्हणतात. इथून दक्षिण ध्रुव अजून सुमारे बावीसशे किलोमीटर. हेलिकॉप्टरं उडू लागतात, सामान उतरतं. लष्कराची माणसं पाळ्या लावून काम करतात, कारण मार्च लागण्याआधी जहाजाला निघावंच लागेल, नाहीतर समुद्र गोठून वाट बंद होईल. खिळा धरायला हातमोजा काढावा तर धातू कातडीला चिकटतो. मध्येच हिमवादळ सुटतं. जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, चार पावलांवरचा तंबू दिसत नाही आणि दोरी धरून चालावं लागतं. तुम्हीही फळ्या उचला. इथे बघ्याला जागा नाही.

एखादा दिवस सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर शिर्माकरच्या टेकड्यांवर जा. शेल्फच्या कडेपासून आत, चहूबाजूंच्या बर्फात उघड्या पडलेल्या खडकाचा हा सुमारे पस्तीस चौरस किलोमीटरचा तुकडा. उन्हाळ्यात तळी वितळतात, पाणी वाहतं, दगडांवर शेवाळ दिसतं. सेनगुप्ता खडकाच्या वळ्या तपासतात, होकायंत्र टेकवून कोन घेतात, हातोड्याने नमुना फोडतात, त्यावर क्रमांक घालतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि पूर्व अंटार्क्टिका एकाच महाखंडाचे भाग होते. त्या जोडाचा पुरावा असाच, एकेका दगडातून गोळा होतो.

आठ आठवड्यांत घर उभं राहतं. नाव ‘दक्षिण गंगोत्री’. १९८४च्या फेब्रुवारीअखेरीला जहाज निघतं, तेव्हा बाराजण तिथेच थांबतात, लेफ्टनंट कर्नल सत्या शर्मांच्या नेतृत्वाखाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्याकडे कुठलंही जहाज येणार नाही आणि मधले दोनेक महिने सूर्य उगवणारच नाही. कठड्यापाशी उभे राहा आणि हात हलवा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही नंतरच्या काळातले आहात. शेल्फवर पडणारा बर्फ वितळत नाही, साचत राहतो. दक्षिण गंगोत्री वर्षागणिक गाडली गेली आणि १९९०मध्ये तिचा वापर थांबवावा लागला. जागा चुकली असं आज म्हणणं सोपं आहे. पण आठ आठवड्यांत, जहाजाजवळ सामान उतरवून, हिवाळ्याआधी छप्पर घालायचं होतं. त्या हिशेबात तो निर्णय बरोबरच होता, असं माझं मत आहे. तिथे काढलेल्या हिवाळ्यांमधूनच पुढचं केंद्र ‘मैत्री’ शिर्माकरच्या खडकावर, गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी बांधण्याचं शहाणपण आलं. २०१२मध्ये लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ सुरू झालं. तिथे इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७मध्ये ४०३ दिवस राहिल्या.

राकेश शर्मा एप्रिल १९८४मध्ये अवकाशात गेले, ते आपल्या घराघरांत पोचले आणि पोचायलाच हवे होते. त्याच्या तीनेक महिने आधी नागपुरात जन्मलेली, चाळिशीतली एक मराठी शास्त्रज्ञ अंटार्क्टिकावर उतरली होती. तिचं नाव मात्र आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मला याची मनापासून खंत वाटते. मुलांना राकेश शर्मांबरोबर अदिती पंतही सांगा.

आणि तुम्हाला आजच्या काळात खरोखर जायचं असेल, तर वास्कोच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र आहे. ते अंटार्क्टिका मोहिमेसाठी संशोधन संस्था आणि विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवतं. निवड झाली की आधी कसून वैद्यकीय तपासणी होते आणि औलीच्या बर्फात भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून (आयटीबीपी) प्रशिक्षण मिळतं. केपटाउनहून विमानानेही जाता येतं, त्यामुळे चाळिसाव्या अक्षांशांवर पोट ढवळून घ्यावं लागेलच असं नाही. विज्ञान शिकत असाल, तर आपल्या मार्गदर्शकांना याच आठवड्यात विचारा.