गाव मोजायला आर्किटेक्चरचे विद्यार्थी आले तर काय करायचं? नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत हवीच

जळगाव/धुळे : टेप आणि वही घेऊन कॉलेजची पोरं गावात आली, धाब्याचं घर आतून मोजायला लागली, की पहिला प्रश्न ठरलेला : "घरकुलाचा सर्व्हे आहे का?" तसं नसतं. जुनी घरं, वस्ती मोजून तिचे नकाशे काढणं हा आर्किटेक्चर आणि नगररचनेच्या शिक्षणाचा भाग आहे.

पद्धत जुनी आहे
मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत १९१३ साली आर्किटेक्चरचा पूर्ण अभ्यासक्रम सुरू झाला. तिथले प्राध्यापक क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या इमारती मोजायला लावत. अशा नकाशांवरून त्यांनी १९३४ साली भारतीय वास्तुकलेवर पुस्तक काढलं. जे. जे. ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

नकाशात काय असतं?
घराचे खण किती, भिंत किती जाड, खांब, सर आणि कड्या कुठे, वर मातीचा थर किती, धाब्याचं पाणी कुठून उतरतं, हे सगळं मापासह असतं. वस्तीच्या नकाशात गल्ल्यांची रुंदी, उतार, आड, पार, चावडी येते.

गावाला काय फायदा?
खान्देशात धाब्याची घरं पाडून स्लॅब पडताहेत. घर गेलं की ते कसं बांधलं होतं हेही जातं. जे घर राहतं त्याची दुरुस्ती कुठून करायची ते नकाशावरून कळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं कोसळून हजारो माणसं गेली. म्हणून धाब्यावर दरवर्षी मातीचा थर चढवत जाणं धोक्याचं. गल्लीचा उतार कागदावर असला तर गटारीचं कामही उलटं होत नाही.

काय समजू नये?
हा नकाशा मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळते ती सनद वेगळी. नमुना ८ चा उताराही यावरून बदलत नाही.

गावाने काय करावं?
१) कॉलेजचं पत्र आणि सोबतच्या शिक्षकांचं नाव आधी बघावं.
२) घरात मोजमाप किंवा फोटो घरमालकाला, घरातल्या बायांना विचारूनच. आधार, बँक पासबुक कोणालाही देऊ नये.
३) अहवालाची छापील आणि मोबाईलवरची प्रत ग्रामपंचायतीला देण्याचं सुरुवातीलाच लिहून घ्यावं. नंतर तो कॉलेजच्या कपाटातच राहतो.
४) प्रत आली की ग्रामसभेत दाखवावी. कोणाची विहीर, कोणाची गल्ली चुकली असेल तर गावकरीच सांगतील.
५) 'आमचं गाव आमचा विकास' आराखडा करताना रस्ता, गटार, पाण्याच्या कामाला तो नकाशा समोर ठेवावा.

मोजायला आलेल्यांना गाव चहा पाजतंच. तेवढ्यात प्रतीचंही बोलून घ्यावं.